एक क्वार्टर, दोन बिऱ्हाडं

१९७८च्या मे महिन्यात सुनीती खाडिलकरच्या प्रोग्रॅमने एकच क्वार्टर दोन कुटुंबांना देऊन टाकलं.

सुनीती कलकत्त्याच्या बागबाजारात वाढलेली, एस्प्लनेडच्या एका सरकारी कंपनीत प्रोग्रॅमर. कंपनीच्या नव्या संगणकाला दोन टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेली यंत्रं, जोडलेले होते, एक तळमजल्यावर आणि एक तिसऱ्या मजल्यावर. बदली होऊन येणाऱ्यांना घरं तिथूनच मिळत.

रविवारी नागपूरचे प्रमोद आणि उज्ज्वला देव सामानासकट पोचले, तर जमशेदपूरहून आलेले सेनबाबू दाराचं कुलूप उघडत होते. मंजुरी दोघांकडेही होती. वाद वाढणार, तेवढ्यात सेनबाईंनी उज्ज्वलाच्या कडेवर झोपलेलं बाळ पाहिलं आणि आतली खोली त्यांना देऊन टाकली.

सोमवारी संध्याकाळी सुनीती स्वतः तिथे गेली. स्वयंपाकघरात देवांचे पोहे आणि सेनांचं माछेर झोल, म्हणजे माशाचं कालवण, शेजारीशेजारी शिजत होते. प्रमोदने विचारलं, हे झालं कसं?

"दोन्ही टर्मिनलांनी एकदमच विचारलं, घर रिकामं आहे का? संगणक दोघांना हो म्हणाला. मग दोघांनी नाव लिहिलं. सेनबाबूंचं नंतर लिहिलं गेलं, त्याने तुमचं पुसलं."

प्रमोद हसला. म्हणाला, निदान कोणी मुद्दाम तरी पुसलं नाही.

सुनीतीने प्रोग्रॅम बदलला. आता कोणी घराची नोंद उघडली की तिला कुलूप लागे आणि ती बंद होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागे. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. मग तिसऱ्या मजल्यावरचं काम ठप्प झालं. सुनीती धावत खाली आली. तिथल्या टर्मिनलवर नोंद उघडी होती आणि तिथे बसणारे कारकून विश्वासबाबू चहाला गेले होते.

सुनीतीला राग आला नाही. चहाला माणसं जाणारच. कुलूप त्यांच्या भरवशावर ठेवणं हीच चूक होती. तिने पुन्हा लिहिलं. नोंद हवा तितका वेळ बघावी, कुलूप नाही. 'मंजूर' दाबलं, की मगच प्रोग्रॅमने कुलूप लावायचं, घर अजून रिकामं आहे ना ते पुन्हा पाहायचं, नाव लिहून घर यादीतून काढायचं आणि कुलूप सोडायचं. मध्येच काही बिनसलं, तर यातलं काहीच झालं नाही असं धरायचं.

चाचणीसाठी ती वर बसली, विश्वासबाबू खाली. फोनवर इशारा करून दोघांनी एकदम बटण दाबलं. घर सुनीतीला मिळालं. खाली 'हे घर आत्ताच गेलं, दुसरं निवडा' असं उमटलं. विश्वासबाबूंनी आपण हरल्याचं फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलं.

त्याच आठवड्यात देवांना सेनांच्या वरचंच घर मिळालं. सामान चढवताना पलंग जिन्याच्या वळणावर अडकला. सेनबाबू वरून ओढत होते, प्रमोद खालून रेटत होता आणि मदतीला आलेली सुनीती मध्ये अडकून हसत होती.