बेडकीच्या पोटाखाली

कुठल्याही लग्नाला जाताना आई पर्समध्ये रुमाल, डोकेदुखीची गोळी आणि घडी घातलेलं एक जुनं वर्तमानपत्र ठेवते. रुमाल आणि गोळी तिची स्वतःची. वर्तमानपत्र बाबांचं, वाचायला नव्हे, जमिनीवर आडवं व्हायला. हॉलबाहेर एखादी बेडकी उभी दिसली, की बाबा नव्या कपड्यांनिशी आधी तिच्या पोटाखाली जाऊन येतात आणि मग नवरा-नवरीला भेटतात. कित्येक लग्नांच्या फोटोत बाबांच्या पाठीवर धुळीचा पट्टा आहे.

बेडकी म्हणजे दोन दारांची, आखूड आणि उंच चाकांची डोंगरगाडी. चारही चाकांना जोर असतो, आणि खराब रस्त्यावर ती टुणटुण उड्या मारते, म्हणून आमच्याकडे लहानथोर सगळे तिला बेडकीच म्हणतात. बाबांनी पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. हाताखालून शेकडो प्रकारच्या गाड्या गेल्या, पण वाकून बघतात ते फक्त बेडकीखाली. का, असं विचारलं की म्हणतात, "सवय." आईच्या मते हा आजार आहे. तिने माझं, म्हणजे एका डॉक्टरचं, मतही घेतलं होतं. मी गुरांची डॉक्टर असल्यामुळे मला फार सांगता आलं नाही.

तर या गुरांच्या डॉक्टरला आता गाडी हवी होती. सोमवारपासून डोंगरावरच्या सात वस्त्यांच्या गुरांचं काम माझ्याकडे येणार होतं, अट एकच, वर चढणारी स्वतःची गाडी पाहिजे. नसेल तर ते काम माझ्या एका सहकाऱ्याला जाणार होतं. हा गृहस्थ गाईला इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटतो. त्यामुळे माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. गुरुवारी कळलं, की मधाचा धंदा करणारे एक काका त्यांची बेडकी विकतायत. शुक्रवारी सकाळी मी बाबांना घेऊन तिथे हजर.

काकांच्या शेडमध्ये एका बाजूला मधाच्या पेट्या रचलेल्या आणि दुसऱ्या बाजूला निळी बेडकी. बाबांनी नमस्कार-चमत्कार न करता थेट बॉनेटवर तळहात ठेवला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"गरम आहे," ते मला हळूच म्हणाले.

याचा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे. इंजिन गार असताना कुरकुरत असेल, तर विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी ते चालवून तापवून ठेवतो. गार इंजिन खरं बोलतं, गरम इंजिन गोड बोलतं, असं बाबा नेहमी सांगतात. मी काकांकडे संशयाने बघू लागले. तेवढ्यात पेट्यांमागून एक जाडजूड मांजर आलं, बॉनेटवर चढलं आणि बाबांचा हात ढकलून आपल्या जागेवर पुन्हा झोपलं.

"सकाळपासून तिथेच आहे तो बोका," काका म्हणाले. "गाडीबरोबर नेलात तरी चालेल."

मांजराला उचलून बाबांनी दुसरीकडे हात लावला. तिथे पत्रा गार होता. मग त्यांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. माझा जीव थोडा खाली आला.

पुढचा तासभर मी बाबांचं शेपूट होऊन फिरले. त्यांनी तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. तिथे दुधाळ चिकटा दिसला, तर इंजिनात पाणी शिरलेलं असतं. बोट काळं निघालं, म्हणजे ठीक. मग सीट पुढे सरकवून तिच्या रुळात नख घातलं. रुळात वाळू असेल, तर गाडी कधीतरी सीटपर्यंत ओढ्यात बुडालेली असते, विकणारा काहीही म्हणो. तिथे वाळू नव्हती. एक मेलेली मधमाशी मात्र होती, ती बाबांनी काकांच्या हातावर ठेवली. चारही टायर एका मापाचे आहेत का, ते दोरीने मोजलं. एक जरी लहानमोठा असला, तरी चारही चाकं जोडल्यावर आतले दाते एकमेकांशी भांडून झिजतात. मग शेजारच्या नांगरलेल्या पट्ट्यात नेऊन त्यांनी चारही चाकं जोडायचा दांडा टाकला आणि बेडकी ढेकळांतून अशी निघाली की मी आनंदाने टाळ्या पिटल्या. डांबरी रस्त्यावर दांडा टाकून दाते झिजवणारी माणसं बाबांच्या दृष्टीने गाडी चालवायच्याच लायकीची नाहीत.

शेवटी स्टिअरिंग. दोन बोटांनी ते डावी-उजवीकडे हलवून मला म्हणाले, "बघ, चाक लगेच ऐकतंय. नव्या गाडीत इतकं बरं नसतं."

आता फक्त पोटाखाली जायचं राहिलं होतं. काकांनी दोन गोण्या पसरल्या. बाबा एकीवर, मी दुसरीवर, मध्ये टॉर्च. गाडीखालचा चिखल वाचायला त्यांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. चाकाने उडवलेला चिखल थेंबाथेंबाने बसतो, आणि ज्या जागी चाकाचा फवारा पोचतच नाही, तिथे लेप दिसला तर तो माणसाच्या हातचा. तसा लेप दिसला, की विचारायचं, काय झाकलंय?

टॉर्चचा प्रकाश पुढून मागे सरकत होता. पेट्रोलच्या टाकीजवळ, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आतल्या बाजूला तो थांबला. तिथे वीतभर डांबर थापलेलं होतं. डांबर जुनं, दगडासारखं घट्ट, आणि त्यावर अंगठ्याने दाबल्याच्या चार खुणा.

चारही खुणा अर्ध्या होत्या.

बाबांच्या उजव्या अंगठ्याला शेंडा नाही. माझ्या जन्माआधी इंजिनच्या पट्ट्यात सापडून तो गेला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा त्यांनी लांबीचा लगदा दाबून बसवल्यात, त्या प्रत्येक कोपऱ्यात हीच अर्धी खूण आहे. बशा विसळताना मी ती रोज बघते. जगातल्या हजार अंगठ्यांत मी तो ओळखला असता.

बाबांनी हात वर केला, अंगठा एका खुणेत ठेवला आणि तो तिथे चपखल बसला.

"चल, वर," ते म्हणाले.

बाहेर येऊन ते नळाखाली हात धूत राहिले. हात धुवायला इतका वेळ लागत नाही. खरं सांगायचं तर मला संताप आला होता. या माणसाने मला चिखल वाचायला शिकवलं आणि स्वतः डांबर थापलं! त्याहून मोठी होती ती भीती. बाबांना यातून सुटायला किती सोपं होतं! दुसरीच एखादी खोट काढायची, नको म्हणायचं, आणि घरी जायचं. कुणाला कळलं नसतं. मलाही कळलं नाही, असंच त्यांना वाटत असणार.

काका वाट्यांत मध घेऊन आले. "काय मिस्त्री, पास का नापास?"

बाबांनी हात पँटला पुसले. "गाडी तशी बरी आहे. पण स्टिअरिंग जरा..."

मी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ते थांबले.

"स्टिअरिंग उत्तम आहे," ते म्हणाले. "खाली चासीला तडा आहे. तो मी झाकलाय. अकरा वर्षांपूर्वी, याच हाताने."

काकांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

मग बाबा भराभरा बोलले, मध्ये कुणी अडवेल अशी भीती असल्यासारखे. गाडी तेव्हा हिरवी होती. मालकाला ती संध्याकाळपर्यंत हवी होती. तडा नीट जोडायचा, तर पेट्रोलची टाकी उतरवायला लागते, त्यात अर्धा दिवस जातो. "मी कंटाळा केला. दुसरं काही कारण नाही. लांबून वेल्डिंगचे चार वरवरचे टाके मारले, वर डांबर लावलं आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात बोलावून नीट करू. त्याने त्याच संध्याकाळी वाटेवरच्या कुणाला तरी विकली. नाव नाही, गाव नाही. पुढे रंगही बदलला असणार, म्हणून मग..."

म्हणून मग प्रत्येक बेडकीच्या पोटाखाली. मला रडू येत होतं आणि लग्नातले ते सगळे फोटो आठवून हसूही येत होतं.

काका एका पेटीवर बसले. "सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं मी यातून नातीला शाळेत सोडतोय. घाटातून."

"हो," बाबा म्हणाले.

"हो काय, हो? माणूस आहात का कोण?"

बाबा मान खाली घालून ऐकत राहिले. काकांनी त्यांना खूप सुनावलं, आणि मीही बापाची बाजू घेतली नाही. शेवटी काकांचा श्वास संपला. मधाची वाटी त्यांनी स्वतःच चाटून संपवली आणि विचारलं, "आता नीट होईल का?"

"होईल. टाकी उतरवून."

"मग उतरवा!"

मी जाऊन बाबांचं वेल्डिंगचं मशीन आणि हत्यारं घेऊन आले. टाकी उतरवली, लांब नेऊन ठेवली, डांबर खरवडलं. तडा टाक्यांच्या पुढे दोन बोटं सरकला होता. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी तो टोकापर्यंत साफ केला, भरला, वर जाड पट्टी जोडली, आणि काकांना दर टप्प्याला गाडीखाली बोलावून दाखवलं. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "अहो, मला मधमाश्यांतलं कळतं. सारखं काय दाखवताय?" तरी गेले, आणि चौथ्या वेळी न बोलावता गेले.

"डांबर?" मी डबा पुढे करून विचारलं. गंज लागू नये, म्हणून काहीतरी लावावंच लागतं.

"पांढरा रंग दे," बाबा म्हणाले. "लांबून दिसला पाहिजे."

शनिवारी बेडकी माझी झाली. मांजराने मात्र यायला नकार दिला.

रविवारी मी आई-बाबांना बाजारात घेऊन गेले. गाडी लावली, तर शेजारी एक पिवळी बेडकी उभी. आईने सुस्कारा सोडला, पर्स उघडली आणि सवयीने वर्तमानपत्र बाबांच्या पुढे धरलं.

बाबांनी ते घेतलं. पिवळ्या गाडीकडे एकदा बघितलं. मग सीटवर मागे रेलून चष्मा लावला, घडी उलगडली आणि तीन महिन्यांपूर्वीच्या बातम्या पहिल्या पानापासून वाचायला लागले.

आईने माझ्याकडे बघितलं. "यांना काय झालं?"

"बरे झालेत," मी म्हटलं.