आला तसा माल

नवलाख उंबरे गावच्या गावकीची भांडी उन्हात अशी तळपत होती की, पावतीवरचे अक्षर वाचायला जकात कारकून हौशीराम याला कागदावर हाताची सावली धरावी लागली. लग्नकार्यात सगळ्या गावाला पुरणारे हंडे, पातेली आणि पराती नाक्यावर थांबलेल्या बैलगाडीत गवत घालून रचून ठेवल्या होत्या. इब्राहिम कल्हईगराने आठवडाभर खपून त्यांना आतून कल्हई केली होती, बाहेरून चिंच आणि राख लावून घासले होते. आपले काम असे उजेडात उभे राहिलेले पाहून एरवी त्याला बरे वाटले असते.

"पावती बरोबर आहे," हौशीराम म्हणाला. "भांडी बरोबर नाहीत."

"मोजून घ्या की साहेब. एक जरी कमी-जास्त निघालं तर सांगा."

"मोजली. नग तेवढेच आहेत. पण आत येताना काय लिहून घेतलंय ते ऐक. 'तांब्या-पितळेची जुनी भांडी, वापरातली, काळी पडलेली.' आता यातलं काळं मला एक दाखव."

गाडीवान नथू जुवावर बसल्या बसल्या हसला. "साहेब, बैल दाखवू का? त्यो हाय काळा."

पेठेच्या हद्दीत तांब्या-पितळेचा माल आला की त्यावर जकात भरावी लागे. तोच माल पंधरा दिवसांत हद्दीबाहेर गेला, तर भरलेले पैसे परत मिळत. एखादी बाई आपला हंडा डोक्यावर घेऊन आली, तर तिला कोणी अडवीत नसे, कारण ते घरचे भांडे. पण कल्हईगराने गाडी भरून आणली की तीच भांडी व्यापाऱ्याचा माल ठरत. इतकी वर्षे नग मोजून पैसे परत होत. यंदा हिशेबतपासनिसाने शेरा मारला होता, की आत जाताना जुनी भांडी जातात आणि बाहेर येताना नवी येतात. तेव्हा जुनी पेठेतच ठेवून त्यांच्या पावतीवर कोणी नवी भांडी बाहेर काढीत असावे. म्हणून आता माल आला तसाच परत गेला पाहिजे, असा हुकूम झाला होता.

"साहेब, मी कल्हईगर. काळी आली म्हणूनच तर माझ्याकडं आली."

"ते मला कळतं रे. पण गेल्या महिन्यात मी एका तांबटाचे असेच पैसे परत केले, ते माझ्या पगारातून कापले. मला चार पोरं आहेत." हौशीरामने पावतीची घडी करून ती परत केली. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच इब्राहिमला भांडायला जागा सापडेना. "तुझ्या हातानंच घात केला बघ. थोडं वाईट काम केलं असतंस, तर पैसे परत देता आले असते."

"मग आता काय करू?"

"काळी करून आण," हौशीराम म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखे त्याने तोंड फिरवले.

नथूने मात्र ते मनावर घेतले. खाली उतरून त्याने चाकाच्या तुंब्यातले काळेकुट्ट वंगण बोटावर घेतले. "इब्राहिमभाऊ, दोन बोटं फिरवतो हंड्याला. साहेब बी खूश, आपुन बी खूश."

इब्राहिमने त्याचे मनगट धरले. "लगनाची भांडी हायती, नथू. त्याच वंगणानं गावकीचे रखमाजी आबा माझं त्वांड रंगवतील."

जकातीचे परत मिळायचे सात रुपये नाक्यावरच राहिले. ते नफ्याचे नव्हते; त्या पैशांतून पुढच्या कामाचे कथील आणायचे होते. इंदुरी गावातल्या एका आळीची भांडी आधीच दुकानात येऊन पडली होती. हाताशी होते तेवढे पैसे त्यांच्या जकातीतही भरून झाले होते, आणि त्यांची मुदत परवा संपत होती.

गाडी उंबऱ्याच्या वाटेला लागल्यावर नथूने विचारले, "मग नाक्याच्या बाहीरच का बसत न्हाई तू? झाडाखाली भट्टी लाव."

"समज, बसलो. मग पेठंतल्या लोकांची भांडी माझ्याकडं बाहीर आली, आन परत जाताना काय झाली? माल."

नथूने आधी मागे नाक्याकडे, मग पुढे वाटेकडे बोट केले. "म्हंजी हिकडनं बी तेच, तिकडनं बी तेच."

"आन दुकानाचं भाडं चालूच हाय, भट्टीचा परवाना वर्साचा भरून बसलोय. कोळसा आणला तरी पोत्यावर जकात हायच."

उंबऱ्यात रखमाजी आबांनी भांडी देवळासमोर उतरवून घेतली. एका हंड्यात वाकून त्यांनी आपले तोंड पाहिले, मिशीवरून हात फिरवला आणि समाधानाने मान हलवली. गावकीचा कारभार त्यांच्याकडे होता. ठरलेली मजुरी त्यांनी तिथेच मोजून दिली आणि इब्राहिमला ओसरीवर बसवून भाकरी खाऊ घातली. जेवण झाल्यावर इब्राहिमने नाक्यावरची गोष्ट सांगितली आणि त्या सात रुपयांतले निम्मे तरी गावकीने सोसावेत, असे चाचरत म्हटले.

रखमाजींनी ऐकून घेतले. "इब्राहिम, तुझा बा हितं यायचा, तवापासनं गावकीचा दर देवळात बसून ठरतो. लढाईच्या फंडाला गावानं आत्ताच दिलंया. शेतसाऱ्याचा हप्ता म्होरं हाय. आता मी लोकांना काय सांगू? भांडी आपली, जुनी आपली, आपल्याच गावात परत आली, तर त्यावर जकात कसली, असं कुणी इचारलं तर?"

"मला बी कुणी सांगितलं न्हाई आबा."

"बघ. तुला ठावं न्हाई, मला ठावं न्हाई. मग द्यायचं कशापायी?" रखमाजींनी त्याच्या हातावर पान ठेवले. "दर वाढवायचा तर देवदिवाळीनंतर बैठक बसंल, तवा इषय काढतो."

मजुरी हातात आली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या मालकाने थकलेल्या भाड्यापोटी निम्मी काढून घेतली. उरलेले पैसे कनवटीला लावून इब्राहिमने लोणावळ्याची गाडी धरली.

लोणावळ्याच्या बाजारामागे कथलाचा एक व्यापारी होता. कथील जिथून येई तो मलाया जपान्यांच्या हातात गेल्यापासून कथलाचा भाव तिपटीवर चढला होता, आणि तोही रोज सकाळी नवा निघे. ॲल्युमिनियम लष्कराकडे जात असल्याने लोक माळ्यावर टाकलेली तांब्या-पितळेची भांडी पुन्हा खाली काढीत होते. इब्राहिमच्या उभ्या आयुष्यात कल्हईला इतके गिऱ्हाईक आले नव्हते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर तो थोडा अधिक खाली जात होता.

व्यापाऱ्याने दोन पट्ट्या पुढे टाकल्या. इब्राहिमने पहिली कानाशी धरून वाकवली. ती कुरकुरली. चांगले कथील वाकताना आतून बारीक आवाज करते, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. दुसरी पट्टी वाकली ती मुकाट्याने.

"शिसं किती हाय हिच्यात?" त्याने विचारले.

"आहे थोडं. म्हणून तर अर्ध्या भावात. इथले खाणावळवाले हीच लावून घेतात. अजून कोणी मेलं नाही."

"मरत न्हाई लगेच. पोटात कळा येत्यात."

"कळा सगळ्यांनाच येतात, मियां. मला भाव ऐकून येतात." व्यापारी हसला. "पहिली हवी असेल तर पहिली घ्या. मी काही जबरदस्ती करत नाही."

पहिली पट्टी घ्यायची तर त्याच्या पैशात निम्मीच येत होती. निम्म्या कथलात इंदुरीचे काम करायचे, तर कल्हई इतकी पातळ बसली असती, की चार घासण्यांत तांबे वर आले असते. दुसरीत सगळे काम पुरे झाले असते, आणि उजेडात ती भांडी तितकीच चमकली असती. महिन्या-दीड महिन्याने आत बोट फिरवल्यावर बोटाला काळे लागले असते. पण तोवर मजुरी आली असती आणि पुढचे भाडे भागले असते. इब्राहिमने दोन्ही पट्ट्या एकेकदा उचलल्या आणि परत ठेवल्या.

"उद्या येतो."

"या. पट्ट्या याच असतील. भाव हाच असेल, असं सांगत नाही."

घरी आला तेव्हा त्याची बायको ताजुन्निसा भट्टी पेटवून बसली होती. भाता तीच ओढी. नवसागर कुटून ठेवलेला होता, कापसाचे बोळे वळून ठेवले होते. त्याचे मोकळे हात पाहून तिने भाता थांबवला.

त्याने सगळे सांगितले. नाक्यावरचा हुकूम ऐकून ती म्हणाली, "मला आणलीत तवा पावती केली व्हती का? न्हाईतर लिहून ठिवलं आसंल, गोरी, भरल्या अंगाची. आता माघारी न्यायची म्हटलं, तर त्यो साहेब म्हणंल, ही ती न्हवं."

तो हसला नाही. तेव्हा तिनेही पुढे चेष्टा केली नाही.

"ती दुसरी पट्टी," थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली. "येकदाच. इंदुरीपुरती. पुन्यांदा न्हाई."

"माझ्या मनात बी तेच आलं, येकदाच. गाडीत बसून हिशेब केला. इंदुरीची झाली की मजुरी येती. नाक्यावरचे तर चमकली की बुडालेच. म्हंजी पुढच्या कामाला पुन्हा पैसा न्हाई, पुन्हा तीच पट्टी. येकदाच कुटं ऱ्हातं ते?"

"आन चांगलं कथील आणलं तर?"

"तर निम्म्या कामात संपतं. उरलेली भांडी काळीच. त्यांचे पैसे तेवढे परत मिळतील." हे बोलताना तो थांबला. आपणच काय बोललो, ते त्याला एक क्षण उमगेना. कोपऱ्यात इंदुरीची भांडी एकावर एक पडली होती. आतून तांबूस डाग वर आलेली, बाहेरून धुराने माखलेली ती भांडी आली तशीच होती.

ताजुन्निसाने त्याच्या नजरेमागून नजर नेली. "भाता लावू का?"

"नको."

"कोळसा फुकट चाललाय."

"पाणी टाक त्यावर. उद्याला व्हतील तेवढं कोळसं वाचव." तो उठला आणि भांड्यांना बांधायची दोरी शोधू लागला.

सकाळी नथूची गाडी नाक्यावर थांबली. हौशीरामने पावती हातात घेतली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि प्रत्येक नगाला बोट लावून मोजले. त्याचा चेहरा खुलला. "जुनी, वापरातली, काळी पडलेली. बघ, असं आणलंस की वादच नाही." त्याने पेटी उघडून पैसे काढले, ते इब्राहिमच्या हातावर मोजले, आणि त्याच ओघात एका हंड्यात वाकून पाहिले. मग तो सरळ झाला.

"यांचं काम झालेलं नाही."

"न्हाई साहेब."

"मग कशाला नेतोस?"

"मुदत आज संपती."

हौशीरामने पावतीवर 'माल आला तसा परत' असे लिहून शिक्का मारला. शिक्का नीट उठला नव्हता, म्हणून त्याने पुन्हा एकदा मारला, आणि गाडीला वाट करून दिली.

इंदुरीला बयाबाईच्या दारात भांडी उतरली. आळीतल्या बायकांची भांडी गोळा करून तिनेच दिली होती, म्हणून सगळ्या तिथे जमल्या. बयाबाईने आपला हंडा ओळखला, तोंड आत घालून पाहिले आणि बाहेर काढले.

"इब्राहिम, ही चेष्टा हाय का? भट्टी इझली व्हय तुझी?"

"कथील मिळत न्हाई मावशी. मिळतंय ते तुमच्या घरात घालण्यासारखं न्हाई."

"मग आधी सांगायचं. पंधरा दिवस आमी मडक्यात शिजवतोय." मागे कोणीतरी पुटपुटले, की पेठेत दुकान झाल्यापासून कल्हईगराला खेड्याचे काम हलके वाटते. इब्राहिमने ते ऐकले. नाक्याची गोष्ट सांगावी, असे त्याला वाटले. पण उंबऱ्याला ती सांगून झाली होती, आणि सांगताना तिचे काय होते, ते त्याने पाहिले होते.

"यात आंबट काही शिजवू नका," तो म्हणाला. "आमटीला चिंच, ताकाची कढी, काही न्हाई. कळकंल. पोरांना बाधंल."

"आंबट न्हाई, तर मग काय शिजवू?" बयाबाईने खरोखरच विचारले. तिच्या आवाजातला राग गेला होता. "आमच्यात दुसरं काय असतं भाकरीसंगं?"

इब्राहिम गाडीतली दोरी गुंडाळू लागला. तिने आपला हंडा उचलून आत नेला, तशा बाकीच्या बायकाही आपापली भांडी निवडून घराकडे वळल्या.

परतीच्या वाटेवर नथूने दोन्ही दिवसांचे गाडीभाडे मागितले. बैलांना पेंड आणायची होती. इब्राहिमने नाक्यावर परत मिळालेल्या पैशांतून ते दिले. उरलेले त्याने पुन्हा मोजले नाहीत. अंगणात ताजुन्निसा विझवलेल्या कोळशातून चाळणीने चुरा वेगळा करीत होती. आज कोणी आले होते का, असे त्याने विचारले.

"आले व्हते," ती म्हणाली. "तीन घरची भांडी घिऊन. मी सांगितलं, कथील आलं न्हाई अजून, उद्या या."