एक जूनच्या मुली

गायत्री वसावेचं आणि हेमकांत पाटलाचं पटत नव्हतं, आणि हे शहाद्याच्या त्या कॉलेजात कँटीनच्या मांजरीलासुद्धा माहीत होतं. हेमकांत ब्राह्मणपुरीचा. घरी पपईचे मळे, दारात दोन ट्रॅक्टर, पाठीवर नवाकोरा लॅपटॉप. गायत्री मोलगीच्या वरच्या पाड्यावरची. घरून कॉलेजला यायचं म्हणजे आधी तासभर पायी, मग जीपच्या मागच्या फळीवर अर्धं बूड टेकवून अक्कलकुवा, मग एसटी. पहिल्या वर्षी ती वर्गात तोंडच उघडत नसे. दुसऱ्या वर्षी उघडलं. तिसऱ्या वर्षी ते बंद होईना, आणि भांडणं लागली ती इथूनच.

बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला एमआयएस नावाचा विषय असतो. नाव भारदस्त, काम साधं: माहिती गोळा करायची, चाळायची, आणि साहेबाला निर्णय घेता येईल अशी ताटात वाढून द्यायची. शिकवायला धर्मेंद्र पाटील सर. सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "माणूस चुकतो, सिस्टीम चुकत नाही." ते म्हणताना सर वर्गातल्या ज्या माणसाकडे बघत, तो माणूस बहुतेक वेळा गायत्री असे.

जुलैत सरांनी प्रकल्प वाटले. हेमकांत, रनाळ्याची भाविका आणि गायत्री असा एक गट. काम असं की कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नव्या जागा तीस, अर्ज आलेले बेचाळीस. दरवर्षी मुख्य लिपिक दिनेशभाऊ हातानं यादी करायचे आणि दरवर्षी पालक त्यांच्या टेबलावर हात आपटायचे. यंदा यादी सिस्टीम लावणार होती. बारावीच्या टक्क्यांप्रमाणे, तिघांनी मिळून.

त्या बेचाळिसांत गायत्रीची धाकटी बहीण कमली होती. बारावीला एकाहत्तर टक्के. त्यांचा बाप भीमसिंग यानं सरळ सांगून टाकलं होतं: वसतिगृहात जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर दिवाळीनंतर काकाच्या टोळीबरोबर गुजरातला ऊस तोडायला. शहाद्यात भाड्याच्या खोलीवर पोर ठेवायला तो तयार नव्हता, आणि भीमसिंगचा नकार म्हणजे सातपुड्याचा दगड. घाम तुमचा जातो, तो हलत नाही. भाविकाचीही बहीण होती त्यात, चारुलता. पण तिला नाही मिळालं तर रनाळ्याहून एसटी होती.

पहिल्याच दिवशी हेमकांतनं कामं वाटली.

"ए मोलगी, तू टाईप कर," तो म्हणाला. तो तिला नावानं हाक मारतच नसे, गावानं मारायचा. "डोकं आम्हनं, बोटं तुन्हा."

"डोकं कुठे ठेवलंय ते दाखव आधी," गायत्री म्हणाली. "लॅपटॉपच्या बॅगेत असेल तर चेन लाव. पडेल."

भाविका फस्सकन हसली आणि हेमकांतनं बघितल्यावर लगेच गंभीर झाली. भाविकाचं सगळं असंच, वारा येईल तशी पाठ.

तर बेचाळीस अर्ज गायत्रीनं टाईप केले. नाव, आडनाव, गाव, तालुका, जन्मतारीख, टक्के. वसावे, पाडवी, वळवी, तडवी, आणि तारखेच्या रकान्यात एक जून दोन हजार सात, एक जून दोन हजार सात, एक जून दोन हजार सात. तिला काही खटकलं नाही. खटकणार कसं, तिची स्वतःची तारीख एक जून, बापाची एक जून, पाड्यावर ज्याच्या ज्याच्याकडे दाखला आहे त्या सगळ्यांची एक जून. तिकडे पोर जन्मलं की कोणी कॅलेंडरकडे धावत नाही. होळीच्या आधी, नाहीतर मोर, म्हणजे भगरीचं पीक, कापल्यावर, एवढं आईला आठवतं. पोर शाळेत आलं की गुरुजी हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगतात. बोट कानाला पोचलं की पोर सहा वर्षांचं, आणि शाळा जूनची, म्हणून जन्म एक जूनचा. झालं. हे गायत्रीला इतकं रोजचं होतं की सांगायचं सुचलंच नाही. चूक म्हणायची तर तिचीही एवढी होतीच.

यादी दाखवायचा दिवस उजाडला. दुपारी दोनला प्राचार्य सही करणार होते, त्याआधी बाराला कॉम्प्युटर लॅबमध्ये सर तपासणार. पंख्याखाली अख्खा वर्ग गोळा झालेला. हेमकांतनं केस पाण्यानं बसवले होते.

"सर, अर्ज बेचाळीस," त्यानं पडद्यावर दाखवलं. "त्यातले दुबार पंधरा. उरले सत्तावीस. जागा तीस. भांडणच मिटलं."

सरांच्या भुवया वर गेल्या, कौतुकानं. "दुबार कसे शोधलेस?"

"एकच पोरगी दोन-दोन, तीन-तीन अर्ज भरते सर, नंबर लागायला. नाव बदलते, घरचं एक, शाळेचं एक. म्हणून मी नाव धरलंच नाही. नियम लावला. आडनाव एक, तालुका एक, जन्मतारीख एक, तर माणूस एक. आधी आलेला अर्ज ठेवायचा, बाकीचे रद्द. आणि सर, पंधराच्या पंधरा वरच्या गावांमधले निघाले." तो थांबला आणि गायत्रीकडे न बघता म्हणाला, "मी काही बोलत नाही. सिस्टीम बोलते."

मागून कोणीतरी खिदळलं. गायत्री पडद्याजवळ गेली. अक्कलकुवा तालुका, वसावे, एक जून: पाच अर्ज. पहिला ठेवलेला, कुठल्याशा सुमित्राचा. खालचे चार लाल. दुसरी लाल ओळ कमलीची.



"हे चुकलंय," ती म्हणाली. "या पाच वेगळ्या मुली आहेत."

"पाचही एकाच दिवशी जन्मल्या?" हेमकांत म्हणाला. "एकाच तालुक्यात, एकाच आडनावाच्या? दवाखान्यात स्कीम व्हती का काय?"

आता सगळा वर्ग हसला. भाविकाही.

"सर, आमच्याकडे सगळ्यांची तारीख एक जूनच असते. गुरुजी अंदाजानं टाकतात."

"म्हणजे तारखा खोट्या," सर म्हणाले.

"खोट्या नाही सर, अंदाजानं."

"गायत्री, जे खरं नाही ते खोटं. तारीख खोटी तर दाखला खोटा, दाखला खोटा तर अर्ज खोटा. मग पंधराच कशाला, एक जूनचे सगळेच काढायला हवेत. काढू?"

 गायत्रीनं बोलावं तितका खड्डा खोल होत होता. सुमित्राचीही जागा तिच्या जिभेनं जाणार होती.

"फोटो बघा सर, अर्जांवर फोटो आहेत."

"बेचाळीस फोटो डोळ्यांनी बघायचे तर सिस्टीम कशाला केली?"

"त्यात हिन्ही बहीण शे सर," भाविका हळूच म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. "कमली. म्हणून."

"अस्सं," सर म्हणाले. त्या एका 'अस्सं'मध्ये त्यांनी गायत्रीची तीन वर्षं घडी घालून बाजूला ठेवली. "प्रकल्पात घरचं माणूस आणायचं नसतं, हे पहिल्याच धड्यात आहे."

चारुलताचं नाव सत्तावीसमध्ये हिरवं झळकत होतं, पण ते कोणाच्या घरचं माणूस आहे हे कोणी विचारलं नाही. गायत्रीनंही नाही. भाविकाशी भांडून कमली हिरवी होणार नव्हती.

"मला दहा मिनिटं द्या सर. याच सिस्टीमला दुसरी यादी खायला घालते. नियमाला हात लावत नाही."

"घाल की," हेमकांत हात बांधून म्हणाला. "माले काय भ्याव शे."

ती बाहेर गेली. स्टाफरूमच्या दाराशी, काचेच्या फळ्यावर, कॉलेजच्या कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी लावलेली असते. नाव, तालुका, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख. तीन वर्षं येता-जाता ती दिसत होती, पण आज गायत्रीनं ती पहिल्यांदा वाचली, आणि वाचता वाचता तिला हसू यायला लागलं. चांगलं हसू नव्हतं ते. मोबाईलवर फोटो काढून ती परत आली, हेमकांतला खुर्चीवरून उठवलं आणि एकोणीस नावं टाईप केली. बोटं तिचीच होती ना.

तेवढ्यात दिनेशभाऊ दारात आले. "यादी झाई का? साहेब वाट देखी ऱ्हायनात."

"झालीच," गायत्री म्हणाली आणि बटण दाबलं.

पडद्यावर एकोणीसच्या जागी अठरा नावं उरली. खाली एक ओळ लाल. आडनाव पाटील, तालुका शहादा, जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्तर. ठेवलेली नोंद: पाटील दिनेश, मुख्य लिपिक. रद्द नोंद: पाटील धर्मेंद्र, सहायक प्राध्यापक.



"हे काय आहे?" सर म्हणाले.

"तुम्ही दुबार निघालात सर. दिनेशभाऊ आधी नोकरीला लागले, म्हणून ते राहिले."

दिनेशभाऊंनी चष्मा वर केला, ओळ वाचली, परत वाचली. "म्हंजे मी खरा, आन् सर डुप्लिकेट?" त्यांना हसू दाबता आलं नाही, आणि दाबायचंही नसावं, दोघं एकाच गावचे, आणि सर प्राध्यापक झाल्यापासून त्यांनी दिनेशभाऊंना ओळख दिली नव्हती, हे कॉलेजला माहीत होतं. "त्यासनी माय तर सांगे, धर्मेंद्र पोयाना दिवशे व्हयना म्हणून. बैल रंगाडी ऱ्हायंतात तवय."

म्हणजे पोळ्याचा जन्म. म्हणजे ऑगस्ट नाहीतर सप्टेंबर. वर्गातल्या पोरांनी वह्यांमागे तोंडं लपवली. सरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मानेपासून वर लाल चढत गेला, पिंपात पाणी चढावं तसा.

"सर," गायत्री म्हणाली. तिनं थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. "तारीख अंदाजाची तर माणूस खोटा, असं मघाशी ठरलं होतं. तुमचा पगार थांबवायचा का?"

"बस," सर म्हणाले. मोठ्यानं नाही. मग हेमकांतकडे वळून, "नियम काढ तो. अर्ज क्रमांक धर. फोटो मी आणि दिनेशराव बघतो."

हेमकांतनं नियम काढला. काढताना त्याची बोटं तीनदा चुकली. बेचाळीस नावं टक्क्यांप्रमाणे पुन्हा लागली आणि तिसाव्या नावाखाली रेघ पडली. गायत्रीनं वरून खाली बोट फिरवलं नाही, नुसती नजर. अठ्ठाविसावी: वसावे कमली भीमसिंग. रेघेखाली तिसरी: चारुलता.

दोन वाजता सही झाली. फोटो बेचाळीसच्या बेचाळीस वेगळे निघाले, पण सॉरी कोणी म्हणालं नाही. कोणी म्हणेल असं गायत्रीला वाटलंही नव्हतं. चार वाजता प्रकल्पाचे गुणही लागले. सरांनी पन्नासपैकी हेमकांतला एक्केचाळीस, भाविकाला चाळीस आणि गायत्रीला चोवीस दिले होते. शेरा: गटात काम करण्याची वृत्ती नाही.

हेमकांत फळ्यासमोर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "चोवीस," तो म्हणाला. "वाच, वाच. सिस्टीम तर तूच दुरुस्त करी ना."

"तुझे एक्केचाळीस माझ्या टायपिंगचे आहेत," गायत्री म्हणाली. "सांभाळून ठेव. पुढच्या वेळी टाईप तू करायचंस."

तो काहीतरी पुटपुटत गेला. जिन्यात भाविका उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि आवाज मात्र धारदार.

"मन्ही बहीण भाईर पडनी तुन्हामुये. रोज दोन-दोन तास एसटीत बशीन ती. झायं समाधान?"

गायत्रीला वाईट वाटलं. खरंच वाटलं, चारुलतासाठी, कारण तिनं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण ते भाविकाला दाखवायची तिची इच्छा नव्हती.

"पंधरा जणी लाल झाल्या तेव्हा तू हसत होतीस," ती म्हणाली. "तेव्हा एकीसाठी तरी रडली असतीस तर आत्ता मी तुझ्यासोबत रडले असते."

"तुले या कॉलेजात कोणी इचारावं नही आते. देख तू."

"आधी कोण विचारत होतं?"

भाविका बाजूला झाली नाही, म्हणून गायत्री कठड्याला घासून खाली उतरली. ग्राउंडच्या कडेला, निंबाखाली येऊन तिनं घरी फोन लावला. पाड्यावर रेंज मिळायला टेकडीच्या टोकावर जावं लागतं, त्यामुळे चारदा वाजून बंद झाला. पाचव्यांदा कमलीनंच उचलला, धापा टाकत.

"लागलं नाव," गायत्री आपल्या बोलीत म्हणाली. "सोमवारी ये. गुणपत्रक खरं आण, झेरॉक्स नको. चादर आण. बाबाला सांग, जीपला सकाळीच बसव."

 मग कमलीनं विचारलं, "ताई, तिथली माणसं कशी आहेत?"

गायत्रीनं वर बघितलं. लॅबच्या खिडकीत हेमकांत आणि भाविका उभे होते, तिच्याचकडे बघत. त्यांच्या मागे सर, पाठमोरे.

"वाईट आहेत," ती म्हणाली. "तू ये."