दोन दिवसांचा टेकू

मी टेकू बोलतोय. जरा खाली वाकून ऐका, कारण मी आता उभा नाही. शाळेच्या दारासमोर अंगणात आडवा पडलोय, आणि पायाला दोर अजून तसाच आहे.

थापा मारायची मला पहिल्यापासून खोड. मी झाड होतो तेव्हा ढग माझ्या शेंड्यावर डुलकी काढायचे. ते घोरायला लागले की खालची माणसं 'गडगडतंय, गडगडतंय' करत घरी पळायची. हे मी वर्गातल्या फळ्याला इतक्यांदा ऐकवलं की बिचारा खडू न लावताच पांढरा पडायचा. पण आजची गोष्ट थाप नाही. थाप असती तर किती बरं झालं असतं.

मोठ्या बाईंच्या वेळची गोष्ट. शाळा म्हणजे एकच लांबट खोली. एके सकाळी छताची मधली तुळई कडाडली आणि तिला ही एवढी भेग गेली. बाईंनी मुलांना बाहेर काढलं आणि सुताराला हाक मारली. त्यानं मला तुळईखाली उभं केलं, पायाशी पाचरी ठोकल्या आणि हात झटकले.

"दोन दिवसांचं काम, बाई. तुळई बदलली की हा काढून टाकू."

"दोनच दिवस हं! वर्गाच्या मधोमध हा असा नवरदेवासारखा उभा नको मला."

तुळईचे पैसे काही कधी जमले नाहीत. नवरदेव म्हणून आलो, तो घरजावई होऊन बसलो.

पुढे माणसांनी केलं ते माणसांनीच करावं. मी बाईंच्या अगदी नजरेसमोर, म्हणून बडबड्या पोरांना त्या माझ्यापाशी पाठवू लागल्या. "जा, त्या खांबाला पाठ लावून उभा राहा!" झालं. मी शिक्षेचा खांब झालो. किती पाठी घासल्या माझ्यावर! घासता घासता पोरं नखांनी बाईंचं चित्र कोरायची. डोळे कुणाला जमायचे नाहीत, नाक मात्र सगळ्यांनी लांबच काढलं.

मग कुणीतरी छताखाली पांढरे तक्ते ठोकून घेतले. खोली कशी लख्ख झाली, आणि तुळईची भेग झाकली गेली. माझं डोकं तेवढं तक्त्यातल्या भोकातून वर तुळईला टेकलेलं. मोठ्या बाई गेल्या, सुतारही गेला. मी इथे कशाला उभा आहे हे कळणारे आम्ही दोघंच राहिलो, तुळई आणि मी. वाळवीलाही कळत होतं म्हणा. ती तुळईच्या पोटात बिऱ्हाड थाटून होती आणि दिवसभर कुरकुर कुरकुर करायची.

यंदा नव्या बाई आल्या. बाई सोन्यासारखी. कुणावर हात उगारणं नाही, कुणाला उभं करणं नाही. आपल्या पोरांना ज्वालामुखी बघायचा तर तो खडूनं काढलेला, आणि बाहेरची पोरं तोच पडद्यावर उसळताना बघतात, ही रुखरुख त्यांना स्वस्थ बसू देईना. प्रोजेक्टर, पडदा आणि दोन-चार संगणक आणायचे, असं त्यांनी मनावर घेतलं. पालकांची सभा भरली. वर्गणी औषधाच्या दुकानवाल्या काकांकडे.

"यातनं जरा छताचंही बघून घ्यायचं का?" काका चाचरत म्हणाले.

"छताला कोण पैसे देतंय, काका?" बेकरीवाला म्हणाला. "पडद्याखाली देणाऱ्याचं नाव तरी लागतं. तुळईवर नाव लावलं तर वाचणार कोण, पाली?"

सगळे खो खो हसले आणि छत पुढच्या वर्षावर गेलं. हसू तुळईपर्यंत पोचलं असावं. माझ्या डोक्यावर तिचा भार एकदम वाढल्यासारखा वाटला.

तरी घोडं अडलंच. पैसे कमी पडत होते, आणि मी पडद्याच्या बरोब्बर आड येत होतो. तेव्हा नव्या बाईंना युक्ती सुचली. "हा दुष्ट खांब काढायचाच आहे ना? मग ज्यांना ज्यांना इथे उभं केलं, त्यांनीच तो ओढावा. वर्गणी द्या आणि दोराला हात लावा!"

काय सांगू, लोटली हो माणसं! ज्यांनी दमडी दिली नव्हती तेही खिसे उलटे करत आले. प्रत्येकाच्या पाठीला जुना हिशेब होता. बेकरीवाल्यानं सगळ्यांहून जास्त देऊन दोराचं पुढचं टोक मिळवलं.

आज सकाळी पाचरी निघाल्या. काकांनी मान वर करून तक्त्यातल्या भोकाकडे पाहिलं.

"पण हा मुळात लावला कशाला होता?"

"माझ्यासाठी!" बेकरीवाला छाती काढून म्हणाला, आणि पुन्हा हशा.

मी अंगावर पडेन म्हणून पोरांना बाहेर उभं केलं होतं. काळजी घेणारी माणसं ती. दोर ताणला गेला. मी पाय रोवले, शपथेवर सांगतो, होता नव्हता तो जोर लावला. पण चोहीकडून नुसता जल्लोष. मी निसटलो. वर तुळईनं श्वास आत ओढून धरला. छत जागच्या जागी राहिलं, आणि टाळ्यांच्या कडकडाटात तिचं ते बारीकसं कण्हणं कुणाच्या कानी पडलं नाही.

मला बाहेर आणून टाकलं आणि पोरांना आत बसवलं. खिडक्या लावल्या, अंधार केला, पडद्यावर ज्वालामुखी उसळू लागला. बेकरीवाला घाम पुसत माझ्यावरच येऊन बसला.

"घरी पिठाचं पोतं उचलताना कंबर धरते, आणि आज बघा!" त्याची बायको म्हणाली.

"अगं, जुना वैरी होता माझा." त्यानं माझ्यावर थाप मारली.

त्यांची चिमी पहिल्या बाकावर बसलीय. अगदी त्या भोकाखाली. दारातून मला दिसतंय, भोकातून बारीक भुसा गळतोय आणि प्रोजेक्टरच्या उजेडात सोन्यासारखा चमकतोय. आधी चिमूटभर होता, आता धार लागलीय. वाळवीची कुरकुर थांबलीय. इतक्या वर्षांत ती कधी थांबली नव्हती.

अहो, तुम्ही तरी ऐकताय ना? मला परत उभं करू नका, चुलीत घाला हवं तर. पण आधी आत जा. काही समजावत बसू नका, कुणी हसलं तर हसू द्या. फक्त पोरांना बाहेर बोलवा.

"बाबा, बघा ना!" चिमी दोन्ही हात वर करून ओरडली. "चांदण्या पडतायत!"

"धर, धर! एकही सोडू नकोस!" बेकरीवाला हसून म्हणाला, आणि माझ्यावर आणखी ऐसपैस बसला.