पुढच्या खांद्याची हाक

जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं आणि ओढ्यापलीकडे, मोखाड्याच्या बाजूला, इंग्रजाचं. आमचं घर राजाच्या हद्दीत, आईचं माहेर इंग्रजाच्या. मधे दोन कोस वाट, एक घाट आणि हद्दीवरचा जंगलनाका. मी तेव्हा आईच्या पोटात होते, नववा महिना भरत आला होता. म्हणजे जे घडलं तिथे मी हजर होते. बाप पुढे कधी म्हणाला, "तुला काय ठाव," तर मी त्याला हेच सांगायचे.

माझ्या आधीचं पोर सासरच्या घरात जन्मतानाच दगावलं होतं. आई, लाडकी, तीन दिवस अडून पडली होती आणि सासू पोशी म्हणत राहिली की होईल मोकळी, सगळ्याच होतात. पोर निळं होऊन आलं. आईची आई बाळी ही नावाजलेली सुईण, पण तिला निरोप पोचला तेव्हा खड्डा बुजवूनही झाला होता. तिला आधीच बोलावलं असतं तरी पोशीच्या घरात पोशीचाच शब्द चालला असता. म्हणून या खेपेला आईने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली, हे पोर माझ्या आयेच्या हातात होऊ दे. माझा बाप फागू म्हणाला, होईल.

पण भाताची झोडणी उरकेपर्यंत पोशीने सुनेला सोडलं नाही, आणि झोडणी उरकली तोवर आईची कंबर सुटली. उजवा पाय टाकला की जांघेतून कळ निघे आणि ती जागच्या जागी बसे. घाटात गाडी जात नव्हती. आता माहेर दोन कोस काय आणि दोनशे कोस काय, सारखंच.

बापाचं जे चांगलं होतं तेही सांगते, नाहीतर गोष्ट खोटी होईल. त्याने रानात जाऊन धामणीच्या दोन काठ्या आणल्या, वर बेचकं असलेल्या. बेचक्याला चिंध्या गुंडाळल्या, आईला उभं करून काखेशी माप घेतलं आणि खालून बोटबोट तासून दोन्ही सारख्या केल्या. त्या काठ्यांवर आई पुन्हा चालू लागली. एकच अडचण होती. पोट एवढं पुढे आलेलं की तिला स्वतःचे पाय दिसत नसत, काठी कुठे टेकते तेही दिसत नसे. दोनदा ती पडता पडता वाचली.

त्यावर तोडगा बापानेच काढला. आमच्याकडे आजारी माणसाला डोलीतून नेतात, म्हणजे बांबूला कापडाची झोळी बांधायची आणि दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची. मागच्याला समोर झोळीच दिसते, वाट दिसत नाही. म्हणून पुढच्याने हाका द्यायच्या. दगड डावीला. काटं उजवीला. उतार आला. मागच्याने "हो" म्हणायचं आणि पाय तसा टाकायचा. पुढच्या खांद्याने जे बघितलं ते बोललंच पाहिजे, पण नाव-गाव काही नाही, नुसतं काय आहे आणि कुठल्या अंगाला. मग बाप आईच्या चार पावलं पुढे चालू लागला आणि तशाच हाका देऊ लागला. तो सांगेल ते चुकवून ती काठी टेकायची. खाली बघायची नाही.

एकदा तो तिला शेजारच्या गाडीतून जव्हारच्या बाजारालाही घेऊन गेला. मीठ-मिरचीच्या दुकानांमधून हा पुढे ओरडतोय आणि ही काठ्यांवर मागून येतेय, हे बघून लोक हसले. कोणी तरी विचारलं, "फागू, म्हस घेऊन चाललास का रं?"

"म्हस नाय, राणी हाय," तो म्हणाला. "राणीच्या पुढं चोपदार लागतो."

हे सांगताना आई म्हातारपणीही लाजायची. एवढा विश्वास तिने त्या हाकेवर टाकला होता.

मग डोली तयार झाली. बांबू त्याने निवडला, झोळीला आईचं जाड लुगडं घेतलं आणि आत घालायला बाळी आजीने माहेराहून गोधडी धाडली, लाल काठाची. तिला वाटलं, पोरगी वाटेतच बाळंत झाली तर पोर उघड्यावर नको. पुढचा खांदा बापाचा, मागचा त्याचा भाऊ काळ्या याचा. बुधवारी निघायचं ठरलं.

बुधवारी उजाडता उजाडता बाप आणि काळ्या रिकामी डोली घेऊन बाहेर पडले. "घाट एक डाव रिकाम्यानं बघून येतो," बाप म्हणाला. "दगड कुठं सुटलेत ते कळलं पायजे. तू भाकर खा, तोवर येतो."

आईने भाकर खाल्ली. काठ्या मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. ऊन अंगणात आलं, मग ओट्यावर आलं. पोशी आत नाचणी दळत होती आणि विचारलं की म्हणत होती, येतील की. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आईच्या पाठीत कळ आली. ही कळ कमरेची नव्हती. एक पोर जन्माला घातलेल्या बाईला तेवढं कळतं.

ती उठली. शेजारची रुपी आजी तिच्याबरोबर निघाली. रुपीचे डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा होते, पण एकटीला सोडायचं नाही एवढी माणुसकी तिच्यात होती.

"मी हाका देते," रुपी म्हणाली.

"तुला दिसतंय का आजे?"

"नाय. पन हाका तर देते."

अशा त्या दोघी चालल्या. रुपी म्हणायची दगड, तिथे काही नसायचं, आणि जिथे असायचा तिथे ती गप्प. आई शेवटी काठीनेच चाचपू लागली. पुढे काठी ठोकायची, मग पाय. कळ आली की काठ्यांवर रेलून उभं राहायचं, सरली की पुढचं पाऊल. अर्धा घाट उतरेपर्यंत दुपार कलली.

आणि मग खालच्या वळणावरून हाक आली. "दगड डावीला."

"हो," मागून काळ्या.

आई म्हणायची, "मना रडूच आलं बाय. मी म्हनलं, आला. उशीर झाला, पन आला." तिने रुपीचा हात दाबला आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली, त्याला लगेच दिसावी म्हणून.

डोली वळणावर वर आली. झोळी रिकामी नव्हती. आत जंगलखात्याचा कारकून बसला होता, तिशीचा, धडधाकट, नव्या बुटांनी टाच सोललेला. एक बूट काढून मांडीवर घेतला होता, दुसरा पायात होता, आणि त्या बुटाखाली लाल काठाची गोधडी होती.

बापाने आईला बघितलं. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण तो क्षणभर थबकला असं रुपीसुद्धा सांगायची, तिला पावलांचा आवाज तुटलेला ऐकू आला. मग त्याने मान खाली घातली आणि हाक दिली.

"बाई वाटंत. उजवीला."

"हो," काळ्या म्हणाला आणि डावीकडे सरकला.

डोली आईला घासून वर गेली. शेजारून जाताना काळ्याने तोंड वळवलं, वहिनी दिसली, आणि त्याचं पाऊल चुकलं. झोळी हेलकावली. कारकुनाने आतून शिवी हासडली. बापाने हाक दिली, "खडी आली," आणि पाय उचलला.

मागून नाक्यावरचा शिपाई मंगळू येत होता, हातात कारकुनाची पेटी. दोन काठ्यांवरच्या बाईला बघून तो थांबला.

"वेठीला धरला का माझ्या मानसाला?" आईने विचारलं. वेठ असती तर तिने गिळलं असतं. वेठीपुढे कोणाचं काय चालतं? राजाचा माणूस म्हणेल तेव्हा खांदा द्यावा लागे.

"वेठ कसली," मंगळू म्हणाला. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं तो काय बोलतोय. "त्योच आला व्हता परवा नाक्यावर. राखनदाराची जागा खाली हाय नं. म्हनला, साह्यबाचा पाय दुखतोय तर माझ्याकडं डोली तयारच हाय."

तयारच हाय. आईला रडू आलं नाही, इतका राग आला. ज्या तोंडाने तिला राणी म्हटलं त्याच तोंडाने तिला वाटेतला दगड केलं. वर तेव्हाही त्याने रीत सोडली नाही, नाव घेतलं नाही.

ती वळली नाही, रुपीही तिच्या मागोमाग चालली. उरलेला घाट, नाका, ओढा तिने स्वतःच्या काठ्यांनी चाचपत पार केला. दिवस मावळताना बाळी आजीने तिला पाणंदीत येताना बघितलं आणि हातातलं टोपलं टाकून धावली. तांबडं फुटताना मी झाले. रडले, काळीनिळी नव्हते. आजीने मला काठ्यांच्या चिंध्या सोडून त्यांनीच पुसलं म्हणे, दुसरं मऊ कापड घरात नव्हतं. गोधडी तर जव्हारला गेली होती.

पाचव्या दिवशी, पाचवी पुजायच्या वेळेला, बाप आला. दारात उभा राहिला. खांद्यावरून राखणदाराचा लाल पट्टा होता, कोरा करकरीत. कारकून शब्दाला जागला होता. हातात घडी घातलेली गोधडी होती.

"लाडके," तो म्हणाला, "डोलीत नाव घेत नाय. तुला ठाव हाय. काळ्याचा पाय पडला असता तुझ्यावर."

आई मला पाजत बसली होती. तिने वर बघितलं नाही. बाळी आजी झऱ्यावरून दोन हंडे डोक्यावर घेऊन येत होती, मान ताठ, खालचं काही दिसत नव्हतं. आईने तिला आतूनच हाक दिली.

"आये, मानूस दारात. डावीला."

"हो," आजी म्हणाली, आणि उजवीकडून आत आली.