ताठ पानांचा ट्रे

काचघरात भाताची रोपं सांभाळणारे काका मला पोटच्या पोरीसारखं वागवायचे. त्यांच्यावरच मी आळ घेतला.

माझा प्रयोग साधा होता. भाताच्या पेशींवर ग्राहक नावाचं प्रथिन असतं. वाढीचं संप्रेरक त्याला चिकटलं की पानाच्या सांध्यातल्या पेशी लांबतात नि पान बाहेर झुकतं. ग्राहकच बिघडलेला असला, तर संप्रेरक कितीही ओता, पान ताठ ते ताठच. मी दोन ट्रे लावले, एक धडधाकट रोपांचा, एक बिघाडाच्या रोपांचा. सांध्यांवर थेंब सोडले. तीन दिवसांनी कोन मोजले, तर सगळं उलटं. बिघाडाची रोपं झुकलेली, धडधाकट ताठ.

प्रयोगशाळेच्या बैठकीत प्रमुख बाईंनी कारण विचारलं.

"पाणी घालताना काकांनी ट्रे बदलले असतील," मी बोलून गेले.

"मी हात लावला नाही," काका म्हणाले. "उलट थेंब सोडायच्या आधीच हिला सांगितलं होतं, तुझ्या चांगल्या ट्रेतली पानं जरा जास्तच ताठ दिसतात म्हणून."

सांगितलं होतं खरं. मी हसण्यावारी नेलं होतं. आताही मी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी काकांची भांडारात बदली झाली.

आठवड्याने मी उरलेलं बी काढलं. बिघाडाचं बी बारीक असतं. 'धडधाकट' लिहिलेल्या पाकिटात बारीक बी होतं. अक्षर माझं. पेरणीआधी पाकिटांवरच्या चिठ्ठ्या मीच उलटसुलट लावल्या होत्या.

चार दिवस मी तोंड उघडलं नाही. भांडारावरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने ये-जा करायचे. पाचव्या दिवशी मात्र राहवलं नाही. काका बाटल्या मोजत होते. मी सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. ऐकलं कुणी?"

"माफ करा काका," मी म्हटलं.

"माफी मागायची तर इथे कोपऱ्यात नको," ते म्हणाले. "जिथे बोललीस, तिथे बोल."

सोमवारच्या बैठकीत मी उभी राहिले. चूक माझीच होती, काकांनी मला आधीच सावध केलं होतं, हे सांगितलं. बाईंनी तिथेच काकांची बदली रद्द केली.

काका काचघरात परतले. आता पेरणीआधी प्रत्येक पाकीट ते माझ्यासमोर उघडतात आणि वहीत माझी सही घेतात. "करा मॅडम," म्हणतात, पूर्वीसारखं 'तू' नाही. त्यात टोमणा नसतो, तेच मनाला लागतं.