इंजिनांच्या चकतीवर

पूर्वी इथे इंजिनांची तोंडं फिरवत. रुळाचा तुकडा बसवलेली भलीमोठी लोखंडी चकती होती. इंजिन वर चढलं की माणसं ढकलून ते उलटं करायची. शेडचं कलासंग्रहालय झालं तेव्हा तीच चकती मधलं दालन झाली. ती जागची हलू नये म्हणून रेल्वेच्या काळातली लाकडी पाचर कडेच्या फटीत ठोकलेली होती.

आज उद्घाटन. चित्रांची निगा राखणारी मुलगी दारात उभी होती. तिच्या हट्टाखातर आलेली आत्या पार पलीकडे, कडेच्या बाकावर चपला काढून बसली होती. लोक जमिनीवरचे बाण बघत शिल्पाभोवती गोल फिरत होते.

मुलीला दिसलं, दालनातला रूळ बाहेरच्या रुळाच्या रेषेत नव्हता.

"सर, फटीतली पाचर कुठंय?"

"काचपेटीत," संचालक खुशीत म्हणाले. "एवढी जुनी वस्तू तिथे धूळ खात पडली होती. खाली पाटीपण लावलीय, बघ."

माणसं एका बाजूला चालली की चकती उलट्या बाजूला सरकणार, हे तिने कॉलेजात सोडवलेलं गणित होतं. बाक चकतीवर होता, पण त्याच्या पुढचा लोखंडी खांब चकतीबाहेरच्या जमिनीत रोवलेला. आत्याचा हात बाकाबाहेर लोंबत होता आणि खांब त्याच्याकडे मुंगीच्या पावलाने येत होता. आत्याला ऐकू कमी. मोठ्याने ओरडावं तर लोक पळणार, आणि पळाले की चकतीचा वेग वाढणार.

"सगळ्यांचा फोटो," ती म्हणाली. "आहात तिथेच थांबा."

"दात दाखवायचे का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"दाखवा. पाय हलवू नका."

सगळे थबकले. चकती किरकिरली आणि थांबली. मुलगी सरळ मध्याकडे गेली, तिथून सरळ आत्याकडे. तसं चालल्याने चकती फिरत नाही. हिशेब पक्का होता.

आत्याची बोटं आणि खांब यांच्यात कागद जेमतेम सरकला असता. मुलीने तो हात उचलून छातीशी धरला.

"अगं, हलवलंस ना मला," दात दाखवत उभ्या लोकांकडे बघत आत्या कुरकुरली. "आता फोटोत माझं भूत येणार."

"झाला का?" मागून गृहस्थांनी विचारलं.

तिच्याकडे कॅमेरा नव्हताच.

"नाही," ती म्हणाली. "अजून कोणी हलू नका."